नवव्या पानावर सांडलेल्या चार ओळी

बापू गेल्याची बातमी महाविद्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आली. तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्यांत माझेही दोन हात होते. त्यापलीकडे माझं पाऊल उचललं नाही... पेठ वडगावला त्यांच्या घरी जायला मला तीन आठवडे लागले.

बापू आमच्या प्रयोगशाळेतले परिचर. कळंबा तलावाच्या पाण्यावर मी तीन वर्षं संशोधन केलं, असं मी आजवर लिहीत आलो. गुडघाभर पाण्यात उतरून बाटल्या भरायचे ते बापू. मी काठावर वही घेऊन उभा असायचो.

"सर, छापून आल्यावर आमचं नाव येणार न्हवं?" एकदा त्यांनी विचारलं.

"येणार की," मी म्हणालो.

"मग वडगावच्या बाजारात आमचा भाव वाढला म्हणा."

शोधनिबंधाच्या शेवटी मी त्यांचे आभार मानले होते, हे खरं. परंतु नियतकालिकाला मजकूर दोन स्तंभांच्या साच्यात आणि आठच पानांत हवा होता. साच्यात घालताच तक्ते स्तंभाबाहेर गेले, समीकरणं मध्येच तुटली. सगळं मारूनमुटकून बसवल्यावरही चार ओळी नवव्या पानावर सांडल्या. एखादा आलेख दोन बोटं लहान करता आला असता. मी आभार काढले. निबंधाचं त्यात काही बिघडत नाही, अशी स्वतःची समजूत घातली. शीर्षकाखाली माझं नाव मात्र दोन्ही स्तंभांवर ऐसपैस पसरलं होतं.

छापील प्रत हाती येताच बापूंनी डाव्या स्तंभावरून बोट खाली आणलं, मग उजव्या... अशी आठही पानं. इंग्रजी बेताचं असलं तरी माणसाला स्वतःचं नाव ओळखता येतं.

"घावंना की, सर."

"इंटरनेटवरच्या प्रतीत आहे," मी म्हणालो.

ते प्रत घेऊन गेले. निवृत्तीपर्यंत त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि त्या मौनालाच मी त्यांचं समाधान समजत राहिलो.

वडगावला बापूंच्या पत्नीसमोर, वहिनींसमोर, मी हे सगळं सांगितलं. पुढ्यातला चहा निवत होता.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "थोरल्या लेकीनं तवाच मोबाइलवर बघितलंतं. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाईत."

मग त्यांनी कपाटातून ती प्रत काढली. प्लास्टिकच्या फोल्डरात ती जपून ठेवली होती. घरी कुणी पावणं आलं की बापू ती पुढं करत आणि एवढंच सांगत, "ह्यातलं पाणी म्या आणलंय."