बारक्या झाडांचं वय

आमच्याकडे तिला सगळे सल्लाबाई म्हणतात, आणि सल्ला तेवढा ती कुणाला देत नाही. ज्यांच्या मालकीचं रान आहे त्यांना त्याचं काय करायचं ते ठरवायला मदत करणं, ही तिची नोकरी. लग्न का केलं नाहीस, असं मी एकदा खोडसाळपणे विचारलं, तर म्हणाली, "रोज नवा मालक गळ्यात पडतो, घरी आणखी एक कशाला?"

तर या बाईची गाठ आमच्या शिंप्याशी पडली. मामाचं टेकडीवरचं रान त्याच्याकडे आलेलं. डोळे थकले होते, आता दुकान बंद करून निवांत बसावं असं त्याला फार वाटे. लाकडाच्या एका ठेकेदारानं ते बरोबर हेरलं. "काका, जाड झाडं तेवढी नेतो. बारकी राहू देत. पोरं आहेत ती, वाढतील." शिंपी विरघळला. पैसेही येणार, रानही राहणार! सोमवारी करवत यायची ठरली.

शनिवारी सल्लाबाई दारात हजर. शिंप्यानं हात जोडले. "ताई, माझं ठरलंय."

"ठरू दे की. फक्त एकदा रानात चला."

"गुडघे दुखतात हो."

"हळू चालू."

आतून बायको कडाडली, "जा एकदाचे! नाहीतर ही इथंच ठाण मांडेल, आणि चहा मला करत बसावा लागेल."

रानात वाऱ्यानं पडलेलं एक जाड झाड कापून ठेवलेलं होतं. बाईनं शिंप्याला विचारून शेजारचं एक बारकं कापलं. "मोजा. एक वर्तुळ म्हणजे एक वर्ष."

शिंप्याच्या कॉलरला टाचण्या कायमच्याच. नाक लाकडाला टेकवून तो दर दहा वर्तुळांवर एक टाचणी खोचत गेला. दोन्हीकडे टाचण्या सारख्याच भरल्या.

"म्हणजे ही पोरं नाहीतच?"

"तुम्हीच सांगा."

"एकाच वयाची सगळी. ही मागे पडलेली, म्हणून बारीक." त्यानं मान वर केली. बारक्यांच्या शेंड्याला मूठभर पानं. "जाड झाडं नेली तर मागे हा गाळ उरणार! मग करू काय मी?"

"रान तुमचं आहे, काका."

"अहो, पगार कसला घेता तुम्ही?" शिंपी भडकला, ओंडक्यावर बसून बराच वेळ धुसफुसला. मग खिशातला कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि बारक्या झाडांवर फुल्या मारत सुटला. शनिवार-रविवार तेच चाललं होतं.

सोमवारी ठेकेदार आला. "काका, शब्द दिला होतात!"

"दिला होता. चुकीचा दिला, परत घेतोय. जाड झाडं राहणार. फुलीवाली न्यायची तर न्या."

"त्यांना सरपणाचा भाव येतो!"

"मग तोच द्या."

ठेकेदार तणतणत निघून गेला. शिंपी सरळ दुकानात येऊन मशीनवर बसला.

"निवांत बसणार होतात ना?" बायकोनं टोमणा मारला.

"बसलोय की," म्हणत त्यानं सुई तिच्यापुढे धरली. "दोरा ओवून दे."