कोरडं फडकं

शेटजींनी रिजेक्टच्या पोत्यात हात घातला आणि मूठभर पिवळीधमक तूरडाळ काढून सगळ्यांसमोर धरली. या पोत्यात फक्त काळे, डागी दाणे पडायला हवेत. सकाळपासून अर्धा चांगला माल त्यात चालला होता. सगळे मशीन चालवणाऱ्या शुभांगीकडे बघत होते. मी मशीनमागं उभा होतो आणि, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

लातूरच्या या डाळमिलमध्ये मी सॉर्टर चालवायचो. सॉर्टर म्हणजे रंग ओळखणारं मशीन. डाळ वरून घसरत येते, काचेमागचा कॅमेरा दाणा बघतो आणि काळा दिसला की मशीन हवेचा फटका मारून तो बाजूला उडवतं. हे मशीन आलं तेव्हा त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मी शिकलो. चौदा वर्षं आसपासच्या कुठल्याही मिलचा सॉर्टर रुसला की फोन मला. लोक मला डॉक्टर म्हणायचे. चर्चमध्ये पाहुण्यांना ओळख करून देतानासुद्धा मी आधी सॉर्टरवाला म्हणायचो, मग शमुवेल.

मग शुभांगी आली. देगलूरची, विष्णुपुरीला इंजिनियरिंग केलेली. मला चौदा वर्षांत जमलं नाही असं सेटिंग तिनं आठ दिवसांत बसवलं आणि सॉर्टर तिच्याकडं गेला. व्यापारी आले की शेटजी सांगायचे, "या आमच्या इंजिनियर मॅडम." मग माझ्याकडं हात करून, "आन् हा आपला जुना माणूस." ते दोन शब्द ऐकले की मला जेवण जायचं नाही. तिचं हसणं खुपायचं, तिचा डबासुद्धा खुपायचा. त्यात ती वागायला चांगली. काका काका करत प्रत्येक गोष्ट विचारायची.

त्या शुक्रवारी तिनं विचारलं, "काका, काच कशानं पुसायची?"

तेल लावलेली डाळ चालली होती. अशा वेळी काचेवर तेलाचा पातळ थर बसतो. तो स्पिरिटनंच निघतो. कोरडं पुसलं तर काच धुरकटते आणि कॅमेऱ्याला चांगली डाळही काळी दिसते. हे पुस्तकात नसतं, हात भाजून कळतं.

मी म्हणालो, "कोरड्या फडक्यानं."

शनिवारी ती मूठभर डाळ पुढं धरून शेटजींनी तिला सगळ्यांदेखत झापलं. तिनं सेटिंग तीनदा तपासलं, काही सापडेना. मग शेटजींनी मला पुढं बोलावलं. मी गुपचूप काच स्पिरिटनं पुसली, उगाच चार बटणं दाबली आणि मशीन सुरळीत झालं. सगळे डॉक्टर डॉक्टर करू लागले. शेटजी म्हणाले, सोमवारपासून सॉर्टर तुझा, मॅडम पॅकिंगला. शुभांगी मान खाली घालून निघून गेली.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. आमच्या मंडळीत भाकर आणि प्याला घेण्याआधी पाळक थांबतात. कुणाचं कुणाशी वाकडं असेल तर उठून जायचं, सलाम करायचा, मिटवायचं, मगच घ्यायचं. लोक उठले. मी कुणाकडं जाणार? जिच्याकडं जायचं ती चर्चमध्ये नव्हतीच. प्याला आला तसा मी न पिता पुढं दिला. शेजारी रूथ, माझी बायको, बघत राहिली.

घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं. वर म्हणालो, "सॉर्टर गेला तर मी कोण गं? चौदा वर्षांचं नाव हाय माझं."

ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमचा बाप्तिस्मा झाला तवा पाळकानं सॉर्टर इचारला होता का? प्रभूनं तुमाला नुसतं शमुवेल म्हणून घेतलं. त्यात भागंना का तुमचं?"

मला राग आला.

सोमवारी शेटजींच्या केबिनमध्ये शुभांगीसमोर सगळं सांगून टाकलं. शेटजी म्हणाले, "शमुवेल, तू असं करशील वाटलं न्हवतं." सॉर्टर शुभांगीला परत मिळाला. पॅकिंगला मी गेलो, अजून तिथंच आहे.

शुभांगीनं माफ केलं वगैरे काही नाही. एवढंच म्हणाली, "काका, मी तुम्हालाच का इचारलं? तुमच्यावर इश्वास होता म्हणून."

महिन्याभरानं सॉर्टरवर तिनं एक कागद चिकटवला: तेलाची डाळ असताना काच स्पिरिटनंच पुसावी. खाली लिहिलं होतं, 'माहिती: शमुवेलकाका'. नाव काढ म्हणालो तर म्हणाली, "तुमीच सांगितलं ना. मग?"

पुढचा प्रभुभोजनाचा प्याला मी घेतला. मत्सर मात्र एका घोटानं जात नाही. सॉर्टर नीट चालला की अजून आत कळ येते. आणि पॅकिंगचा रस्ता मागच्या दारानं जवळचा असला तरी मी सॉर्टरवरूनच जातो, त्या कागदावरचं नाव एकदा वाचून.