रविवारी काम नाही, कामाशिवाय धान्य नाही

हिंगोली जिल्ह्यात मी फिरायला गेले नव्हते. मी लिहिलेला एक नियम बिघडला होता, तो बघायला गेले.

माझे सुमंतमामा जवळा बाजारपासून थोडं आत असलेल्या एका गावात पाळक आहेत. चर्चची मंडळी लहान, तीसेक घरांची. तिथल्या बायका रोज स्वयंपाक करताना एक मूठ ज्वारी किंवा तांदूळ वेगळ्या पिशवीत टाकतात आणि रविवारी ती पिशवी चर्चमधल्या पोत्यात रिकामी करतात. उपासना संपली की ते धान्य गरजूंना वाटलं जातं. उंदरांमुळे पुढच्या आठवड्यापर्यंत काही ठेवत नाहीत.

नाताळात मामा फोनवर म्हणाले होते की धडधाकट माणसंही मागायला येतात आणि त्यावरून मंडळीत कुरबुर आहे. कारखान्यातल्या यंत्रांसाठी सुरक्षेचे नियम लिहिणं ही माझी नोकरी आहे. अर्ध्या तासात एक पान लिहून पाठवलं: धडधाकट माणसाने चर्चच्या आवारात दोन तास काम करावं आणि त्याच दिवशी धान्य घ्यावं. काम टाळणाऱ्यांना फुकट पोसू नका, हे बायबलमध्ये पौलानेही मंडळ्यांना बजावलं आहे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

फेब्रुवारीत मार्थामामीचा फोन आला. "तुझ्या कागदापायी गावातला किसन पाच रविवार रिकाम्या हातानं गेला. येऊन बघ एकदा."

पुण्याहून परभणीपर्यंत रेल्वे आणि तिथून हिंगोलीकडे जाणारी एसटी, असा मार्ग सोपा आहे. बायकांना एसटीत अर्धं तिकीट. उजव्या बाजूची खिडकी घेऊ नका, सकाळचं ऊन सोसवत नाही आणि पडदे नसतात. जवळा बाजारला उतरून पुढे शेअर रिक्षा. ती दहा माणसं भरल्याशिवाय हलली नाही. पावणेदोन तास बसून राहिले. फेब्रुवारीत जाणार असाल तर हळद शिजवण्याचा हंगाम मिळेल. वाटेत जागोजागी कढया लागल्या होत्या आणि उघड्यावर पिवळी हळकुंडं वाळत पडली होती. वास ओल्या मातीसारखा, पण तिखट. तो ओढणीतून दोन धुण्यांनंतरही गेला नाही.

शनिवारी दुपारी मामीने ज्वारीची भाकरी, पिठलं आणि जवसाची चटणी वाढली. जेवता जेवता मी मामांना विचारलं, नेमकं अडलंय कुठे.

"अगं, धान्य वाटतो रविवारी," मामा म्हणाले. "अन् रविवारी आवारात काम करायचं न्हाई, हा मंडळीचा जुना नियम."

"मग बाकीच्यांना कसं मिळतं?"

"बाकीच्या म्हाताऱ्या हायेत. त्यांना कामाची अट न्हाई. अडकला एकटा किसन."

"मामा, मी रविवार धरून लिहिलं नव्हतं."

"मग तसं लिहायचं व्हतं, बाई."

मला राग आला, कारण ते बरोबर होतं. 'त्याच दिवशी' हे शब्द मी मुद्दाम घातले होते. बुधवारी एकाने काम करायचं आणि रविवारी दुसऱ्यानेच धान्य न्यायचं, असं होऊ नये म्हणून. पाच आठवड्यांत एकाही माणसाला फोन करून विचारावंसं वाटलं नाही, याचा राग वेगळा.

रविवारी उपासना दीड तास चालली. बाहेर आल्यावर किसन दिसला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, पण सदरा अंगावर लोंबत होता. पोत्यापाशी शमुवेलअण्णा बसले होते. अण्णा निवृत्त शिक्षक, मंडळीचे सर्वांत जुने पंच.

"काम केलं का?" अण्णांनी विचारलं.

"द्या की काम."

"आज प्रभूचा दिवस. आज काम न्हाई."

"उद्या येतो मग."

"उद्या धान्य नसतं."

किसन हसला. "अण्णा, मग माझा वार कोणता?"

मागच्या म्हाताऱ्याही हसल्या. अण्णा हसले नाहीत.

मी पुढे होऊन सांगितलं की नियम माझा आहे आणि त्याचा अर्थ असा नव्हता. अण्णांनी भिंतीवर चिकटवलेला कागद दाखवला. "लिहिलंय तेच वाचतो मी." चर्चमध्ये बायका सतरंज्या गुंडाळत होत्या, दोन माणसं बाकं उचलत होती. हे काम नाही का, असं मी विचारलं.

"ती सेवा हाय."

"मग याला सेवा करू द्या."

"तो मंडळीतला न्हाई."

एवढा वेळ मी शांत होते. आता आवाज चढला. मामा मध्ये पडले आणि म्हणाले, पुढच्या बैठकीत विषय घेऊ. मामांचे सगळे विषय पुढच्या बैठकीत असतात.

तेवढ्यात मामी आली. तिची पिशवी अजून भरलेली होती. तिने किसनला झोळी उघडायला सांगितली आणि पिशवी त्यात उलटी केली.

"मार्थाबाई, हे नियमात बसत न्हाई," अण्णा म्हणाले.

"पोत्यात पडलं की तुमचं. पिशवीत हाय तवर माझं."

आणखी दोघींनी तसंच केलं.

मला बरं वाटलं, पण पूर्ण नाही. धडधाकट माणूस काहीही न करता धान्य घेऊन निघाला होता. मी त्याला गाठलं आणि काम का करत नाही ते विचारलं.

"करतो की, ताई. मन लागलं तर करतो. न्हाई लागलं तर कंटाळा येतो."

इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. आजार, अपघात, काहीतरी कारण असेल असं धरून चालले होते. म्हटलं, सोमवारी सकाळी नऊला या, चर्चमागची सांडपाण्याची नाली खणायची आहे. "येतो की," म्हणाला.

सोमवारी सव्वाअकरापर्यंत मी फावडं घेऊन उभी होते. किसन आला नाही. मामी मधूनमधून चहा आणून देत होती. हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा लिलाव बघायचा बेत होता, तो गेला. तुम्ही जाल तेव्हा सकाळी लवकर पोचा. उशीर झाला तर रिकामी पोती दिसतात, असं ऐकलं.

परतीच्या एसटीसाठी जवळा बाजारला आले, तर स्टँडसमोरच्या हॉटेलच्या बाकावर किसन बसलेला. मी सरळ समोर जाऊन उभी राहिले.

"नऊ वाजता येतो म्हणाला होतात."

"व्हय." तो उठून उभा राहिला. "रातच्याला भाकरी केल्या. लई दिसांनी पोटभर खाल्लं. असी झोप लागली ताई, की ऊन डोक्यावर आलं तवा जाग आली."

एसटी लागली.

"आता जातो," तो म्हणाला. "फावडं कुठं ठिवलं?"

"मामांकडे," म्हटलं आणि गाडीत चढले.

घरी परतून तीन दिवस झाल्यावर मामांचा फोन आला. किसन त्याच दुपारी गेला होता. अर्धी नाली खणली, तीही वाकडी, आणि फावडं तिथेच टाकून निघून गेला. आता अण्णा विचारत होते की सोमवारचं काम रविवारी धरायचं का.

मी म्हटलं, कागद काढून टाका. मामा म्हणाले, त्यासाठी बैठक लागेल, आणि बैठक रविवारीच होते.

"बैठक हे काम नाही का?"

"बैठकीला काम कोण म्हणतं, अगं?"

धडधाकट माणसाने काम करावं, हे मला आजही पटतं. पण तो कागद लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर उपाशी माणूस नव्हता. आपल्याला फसवणारा माणूस होता, आणि त्याला अडवायला मी एकही फट ठेवली नाही. कारखान्यात नियम आधी यंत्रावर चालवून बघतो. इथे तो एका माणसाच्या पोटावर पाच आठवडे चालला आणि मी पुण्यात रोज दोन वेळा जेवत होते.

शेवटी मामीला फोन लावला. ती मला समजवायच्या मूडमध्ये नव्हती.

"तुमची बैठक होऊ दे न्हाई तर न होऊ दे. बायकांनी पोत्यात टाकणंच बंद केलंय. दारात उभं राहून हातानं देणार. आन त्या नालीचं सांग. उरलेली अर्धी तू येऊन खणतीस, का किसनला सांगू?"

"त्यालाच सांगा, मामी. आणि या वेळी दोरी लावून सरळ खणायला सांगा."