गर्दी नाही तिथं

मंडळी, इथले गूढ अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मनातल्या मनात हसून पुढे गेले आहे. आमचं बौद्ध घर, त्यात बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. अंगात येणं, दृष्ट काढणं, अमावस्या... यातला एखादा शब्द कोणी काढला की बाबा पेपर खाली ठेवून विचारायचे, "पुरावा काय?" मी त्या प्रश्नावरच मोठी झाले. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. पुढे जे लिहिते आहे त्यात भूत नाहीच, सगळी जिवंत माणसं आहेत. पण मागच्या उन्हाळ्यात जे घडलं त्याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मी अमरावतीला साईनगरात राहते. आधी एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायचे. आता घरून एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर काम करते. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणीही वाचू शकतो, सुधारू शकतो. आमचं सॉफ्टवेअर एका अशा डिजिटल चलनाचं आहे ज्यात कोणी कोणाला किती पाठवले हे तिसऱ्याला दिसत नाही. क्रिप्टो म्हटलं की लोकांना सट्टाच आठवतो, माझ्या मावशीलाही आठवतो. मी कोणाला घ्या म्हणत नाही. मी फक्त कोड लिहिते आणि दुसऱ्यांचा तपासते. शिवाय बैठकीत टीव्हीच्या शेजारी एक लहानसा संगणक कायम चालू असतो, त्याला नोड म्हणतात. सगळे व्यवहार खरे आहेत ना, हे तो पडताळत असतो. असे नोड जगभर लोकांच्या घरी आहेत. मालक असा कोणी नाही, कंपनी नाही.

या कामात मला आणलं ते अकोल्याच्या प्रफुल्लदादांनी. ते तिथे एका तंत्रनिकेतनात शिकवायचे. अमरावतीला आमच्या कॉलेजात एकदा व्याख्यानाला आले, तेव्हा मी इतके प्रश्न विचारले की शेवटी म्हणाले, ये अकोल्याले, बसून सांगतो. सख्खा भाऊ नाही मला. नंतर कधी त्याची उणीव वाटली नाही. त्यांच्या जठारपेठेतल्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी हे काम शिकले, आणि रेखावहिनी शेजारी भाजी निवडत आमची भांडणं ऐकायच्या. एकदा मी विचारलं होतं, की दादा, हे लपवालपवीचं काम... चोरांनाच जास्त उपयोगाचं नाही का? ते चिडले नाहीत. म्हणाले, "चोर वापरतीनच, रस्ताही वापरतात ते. पन लपवनं म्हनजे चोरी नसते, मनीषा. घराले दरवाजा लावतो न आपन?"

एक गोष्ट समजावून सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. या चलनात पैसे पाठवणारा लपतो कसा, तर गर्दीत. तुम्ही पैसे पाठवता तेव्हा सॉफ्टवेअर तुमच्या नाण्यासोबत दुसऱ्या अनोळखी लोकांची काही नाणी आपोआप उभी करतं. बघणाऱ्याला सगळी सारखीच दिसतात, खरं कोणतं ते कळत नाही. दर वेळी ही गर्दी नवीन निवडली जाते. इंग्रजीत त्याला तांत्रिक शब्द आहे, पण दादा आणि मी त्या कोडला 'गर्दी'च म्हणायचो. आमच्या दोघांतलाच शब्द होता तो.

त्या उन्हाळ्याच्या आधीच्या दिवाळीनंतर दादांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. जीव वाचला, पण तोंडात एकच शब्द उरला — 'हो'. पाणी पाहिजे तरी हो, नको तरी हो. मी भेटायला गेले तेव्हा माझा हात धरून बराच वेळ हो हो करत राहिले. डोळ्यांत सगळं होतं, बाहेर काही येत नव्हतं. वहिनींनी त्यांचा संगणक बंद करून झाकून ठेवला होता, कारण तो दिसला की ते फार अस्वस्थ व्हायचे. मोबाइलही त्यांना वापरता येत नव्हता. प्रोजेक्टमध्ये मी सगळ्यांना कळवलं आणि त्यांचं नाव तपासणाऱ्यांच्या यादीतून निघालं.

हिवाळ्यात परदेशातल्या एका सहकाऱ्याने 'गर्दी'चा कोड नव्याने लिहिला. जुना फार मंद होता, साध्या मोबाइलवर रखडायचा. नवीन चांगला होता. आम्ही सगळ्यांनी वाचला, चाचण्या घेतल्या. दादांना यातलं काहीच माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणच नव्हतं, कारण हा कोड लिहिला गेला तेव्हा त्यांना आधाराशिवाय उठून बसताही येत नव्हतं. आणि आजाऱ्यापाशी कामाचं बोलायचं नाही असं मी ठरवूनच टाकलं होतं, वहिनींनाही कधी काही सांगितलं नाही.

मे महिना आला. नवीन आवृत्ती बाहेर पडायची होती. आमच्याकडे पद्धत अशी, की वेगवेगळ्या देशांतली काही माणसं आपापल्या संगणकावर तोच कोड स्वतंत्रपणे बांधतात. सगळ्यांचं उत्तर तंतोतंत जुळलं की प्रत्येक जण आपली डिजिटल सही करतो, आणि मगच सॉफ्टवेअर लोकांपर्यंत जातं. त्यातली एक सही माझी. बाकीच्यांच्या झाल्या होत्या, माझीच राहिली होती. भर दुपार होती. अमरावतीतली मेमधली दुपार म्हणजे रस्त्यावर कुत्रं नसतं. खिडकीला लावलेला कुलर घरघरत होता, आई-बाबा आत झोपले होते. माझं उत्तर जुळलं. सहीचा आदेश टाइप केला आणि फोन वाजला. रेखावहिनी.

मला वाटलं, गेले दादा.

वहिनी रडत होत्या, पण दुःखाने नाही. "मनीषा, हे बोलले. आत्ता. चांगले साफ बोलले."

फिजिओथेरपीवाले सर घरी आले होते. दादांचा हात हलवून घेत होते. दादांनी एकाएकी मान वळवून वहिनींकडे बघितलं आणि बोलले. मग पुन्हा हो हो सुरू झालं. सरांनीही ऐकलं होतं, तेही चक्रावले होते. मी विचारलं, काय बोलले?

"तुह्यासाठीच बोलले. म्हने, मनीषाले सांग, गर्दी नाही तिथं. ते एकलीच उभी हाय." मग त्या म्हणाल्या, "मले काही समजलं नाही. कोन उभी हाय? तुले समजते का?"

मी 'वहिनी, मी नंतर करते' एवढंच म्हणाले. आदेश पुसला. प्रोजेक्टच्या ग्रुपवर लिहिलं की माझी सही थांबली आहे, मला 'गर्दी' पुन्हा बघायची आहे. कारण विचारलं तर काय सांगणार होते? सगळ्यांच्या सह्या झालेल्या, सगळ्या चाचण्या पास. लिहिणाऱ्या सहकाऱ्याने सभ्यपणे विचारलं, नेमकी शंका काय आहे? मी लिहिलं, अजून सांगता येत नाही, थोडा वेळ द्या.

आईचा जुना मोबाइल होता, स्क्रीन तडकलेला. त्यात नवीन आवृत्ती टाकली, सरावाच्या नेटवर्कवर. मुद्दाम नेट कमी केलं, कारण आमच्या चाचण्या नेहमी चांगल्या संगणकांवर, चांगल्या नेटवर व्हायच्या. खोटे पैसे पाठवले. पुन्हा पाठवले. मग माझ्या नोडवर ते व्यवहार उघडून शेजारी शेजारी लावले.

गर्दी तीच होती. माझं नाणं सोडलं तर दोन्ही वेळा तेच चेहरे. तिसऱ्यांदाही तेच.

नेट कमकुवत असलं की नवीन कोड गर्दी नव्याने निवडतच नव्हता, आधीची साठवलेलीच पुन्हा उभी करत होता. आणि गर्दी जर दर वेळी तीच असेल, तर जो एक चेहरा बदलतो तोच खरा. ज्याला यातलं थोडंफार कळतं त्याला बोट ठेवून दाखवता आलं असतं — हा पाठवणारा. जुना फोन, कमी नेट... म्हणजे ज्यांना लपण्याची गरज सगळ्यात जास्त, नेमके तेच उघड्यावर आले असते.

मी ग्रुपवर पुरावा टाकला.  मग धावपळ सुरू झाली. आवृत्ती थांबवली. पण ती आधीपासूनच काही टेस्टर मंडळींच्या फोनमध्ये होती, म्हणून लगेच प्रत्येकाला निरोप गेला — काहीही पाठवू नका, जुन्यावर परत या. सगळ्यांनी कळलं म्हणून उत्तर दिलं. त्यातला एक टेस्टर 'वॉलनट' या नावाने असायचा. आमच्यात कोणी कोणाचं खरं नाव, गाव विचारत नाही. वॉलनट कमी बोलायचा, चुका अचूक पकडायचा, आणि आम्ही सगळे त्याला 'तो'च म्हणायचो. त्यानेही फक्त 'समजलं' एवढंच लिहिलं.

त्या आठवड्यात मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेले. दादांपाशी बसले. विचारलं, दादा, तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, हो. मी पुन्हा विचारलं. हो, हो. डोळ्यांत ओळख होती, प्रेम होतं, पण माझा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचला असं वाटलं नाही. त्यांच्या डॉक्टरांनाही मी भेटले. ते म्हणाले, अशा रुग्णांच्या तोंडून कधी कधी अख्खं वाक्य निघतं. शिवी, प्रार्थना, गाण्याची ओळ — सवयीचं काही असेल तर. हे सवयीचं होतं का? मी म्हटलं, नाही. त्यांनी ते फाइलमध्ये लिहून घेतलं.

मी मनाची समजूत घातली. गर्दी हा आमचा जुना शब्द. मेंदूत कुठेतरी पडलेला, नेमका त्या दुपारी बाहेर पडला. योगायोग. बाबांना सांगितलं तर त्यांनीही हेच म्हटलं असतं.

पावसाळा लागल्यावर वॉलनटचा मला खाजगी निरोप आला. चांगला मोठा. त्यात लिहिलं होतं — मी बाई आहे. सासरी राहते, कोणत्या देशात ते सांगत नाही. इथे माझ्या हातात पैसा राहू देत नाहीत, फोनही तपासतात. एक जुना फोन लपवून ठेवला होता, त्यावर तुमच्या लोकांची भाषांतरं, टेस्टिंग असं करून मी थोडं थोडं जमवलं. माझ्या दिराला या विषयातलं चांगलं कळतं आणि त्याला संशय आलेला होता, तो माझ्या मागावर होता. मला इथून बाहेर काढणाऱ्या माणसाला त्या दिवसापासून मी हप्त्याहप्त्याने पैसे पाठवणार होते. पहिला पाठवणार, तेवढ्यात तुमचा इशारा आला. मग सगळे जुन्या आवृत्तीवरून पाठवले. उद्या मी निघते आहे. हे नाव पुन्हा दिसणार नाही. कोणी थांबवलं ते ग्रुपवर वाचलं होतं, म्हणून तुला लिहिते आहे.

मी तो निरोप वाचत होते आणि कानात वहिनींचा आवाज येत होता. ते एकलीच उभी हाय. 'ते' म्हणजे आमच्याकडे 'ती'. मी तोवर समजत होते की दादा कोडबद्दल बोलले. 'कोन उभी हाय' हा वहिनींचा प्रश्न मी ऐकूनही सोडून दिला होता.

त्या दिवशी मी बाबांना सगळं सांगितलं. पुरावा काय, असं ते विचारतील याची वाट बघत होते. बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "तू खोटं बोलत नाहीस, एवढं मले माहीत आहे. बाकी मले माहीत नाही." बाबांच्या तोंडून 'माहीत नाही' मी पहिल्यांदा ऐकलं.

पुन्हा अकोल्याला गेले. दादा तोवर काठी घेऊन चार पावलं चालायला लागले होते, पण बोलणं तेवढंच. वहिनी शेजारी होत्या. मी दादांना सांगायला लागले, की दादा, त्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, ती खरंच एक बाई होती. तिने मला लिहिलं. त्या दुपारी ती वाचली... आणि तिचा निरोप दाखवायला मी मोबाइल काढला. ती घर सोडून निघाली, हे अजून सांगायचं राहिलंच होतं. वहिनींनाही ते माहीत नव्हतं.

दादांनी माझ्याकडे बघितलं. ओठ जुळवायला त्यांना फार कष्ट पडत होते.

"पोचली?"

वहिनींनी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मी म्हटलं, माहीत नाही, दादा. कळायला काही मार्ग नाही. आपण ते बनवलंच तसं आहे.

ते खिडकीकडे बघत राहिले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, हो... हो.

त्यानंतर ते दुसरं काही बोललेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, सुधारणा आहे. 'वॉलनट' हे नाव पुन्हा दिसलं नाही, दिसू नये अशीच इच्छा आहे. एवढ्या लांबून, झाकलेला संगणक आणि गेलेली वाचा घेऊन दादांनी काय बघितलं, कसं बघितलं, हे शोधायचं मी आता सोडलं आहे. नोडवर व्यवहार येत राहतात, रोज, सगळे सारखे, कोणाचा कोणता ते न कळणारे. कधी कामातून मान वर केली की मी त्यांच्याकडे बघत बसते. त्यातला एखादा तिचा असेल.