बॅटऱ्यांच्या खोलीतली नवी सून

ज्या घरात भीती मुक्कामाला येते, तिथं किस्से कमी पडत नाहीत. भीती एकच असते, किस्सा रोज नवा! लग्नाला अजून वर्ष व्हायचंय, पण माहेरी गुलबर्ग्याला गेले की मैत्रिणी घेरतात, "ए, ते बॅटरीचं सांग ना!" सासर कसं आहे, नवरा कसा आहे, कुणी विचारत नाही.

सासर चिटगुप्प्याजवळच्या खेड्यात. नवरा महेश ड्रोनने शेतांवर औषध फवारतो. जोडीला बसवअण्णा. तो टेम्पो चालवतो, ड्रोनची टाकी भरतो आणि मला 'अक्का' म्हणतो. ड्रोनच्या बॅटऱ्या दिसायला विटेसारख्या दांडग्या, पण स्वभावाने भलत्याच नाजूक. ऊन सोसत नाही, ओल चालत नाही, धक्का तर नाहीच नाही. आमच्या घरावर सगळीकडे पत्रे, स्लॅब एकाच खोलीला. म्हणून गारव्यासाठी बॅटऱ्या त्या खोलीत, दाराजवळच्या लोखंडी पेटीत. आणि नव्या जोडप्याला चांगली खोली द्यावी म्हणून आम्हीही त्याच खोलीत!

*

घरात आले त्या दिवशी महेश माझ्याशी पहिल्यांदा एकांतात बोलला. मी मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. तो जवळ आला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "हे बघ, वाळूची बादली इथं ठेवलीय. पेटीतनं धूर निघाला तर काही वाचवत बसू नको. सरळ पळ."

यावर नव्या नवरीने काय बोलावं? मी बराच विचार करून विचारलं, "चप्पल घालून की तशीच?"

खरं तर मला एवढंच म्हणायचं होतं की ही पेटी इथून हलवा. पण आल्या आल्या सुनेने सामान हलवायला लावलं, हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. आईचा फोन यायचा, "सुखात आहेस ना गं?" मी पेटीकडे बघत "हो" म्हणायचे.

*

उन्हाळ्यात महेशने टेबलफॅन आणला. नवा, मोठा. मला बरं वाटलं. माणूस बोलत नसला तरी त्याच्या लक्षात असतं, असं मनात आलं.

त्याने तो लावला आणि त्याचं तोंड पेटीकडे केलं.

मी नुसतं बघितलं. तर म्हणतो कसा, "तुला पण लागेल की! तू तिकडं जाऊन बस."

*

न वापरता ठेवायच्या बॅटऱ्या अर्ध्याच भरून ठेवायच्या, हा नियम. काठोकाठ चार्ज करून आठवडाभर ठेवल्या की त्या फुगायला लागतात आणि मग त्यांचा भरवसा नाही. हे महेशने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पण आयुधपूजेच्या आदल्या दिवशी तो बीदरला गेला आणि माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, बसवअण्णाला फर्मान सोडलं, "देवापुढं अर्धं भरलेलं ठेवत्यात व्हय? सगळ्या भर!"

सगळ्या भरल्या. हळद-कुंकू लागलं, झेंडू वाहिला, नारळ फुटला. महेश आला तेव्हा एका बॅटरीच्या पिना कुंकवाने माखलेल्या होत्या आणि बाहेर पाऊस लागला होता. फवारणी बंद. मी खोलीच्या उंबऱ्याबाहेर.

मग पाऊस थांबला तसं महेशने चार्ज उतरवायला टाकीत साधं पाणी भरून अंगणातच ड्रोन उडवायला सुरुवात केली. एक बॅटरी उतरली की दुसरी. गाव जमा झालं. शेजारच्या काकूंचं वाळत टाकलेलं लुगडं वाऱ्याने लिंबाच्या शेंड्यावर जाऊन बसलं. आत्याबाई तोंडाला पदर लावून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एवढं भरलेलं सांडायलास कामून रे? कुणाला तर द्यायचं हुतं!"

*

हा किस्सा बसवअण्णाने सांगितलेला. उडून आलेली बॅटरी तापलेली असते. ती गार झाल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. बसवअण्णा तिला उलट्या हाताने लेकरासारखं चाचपतो, "ताप उतरला न्हाई अजून."

एका शेतात सावली एकाच झाडाची. त्याखाली एक म्हातारबुवा बाजेवर पडलेले. बसवअण्णाने तापलेल्या बॅटऱ्या हळूच बाजेखाली सरकवल्या.

"काय ठेवलास रे खाली?"

"काय न्हाई अज्जा, बॅटऱ्या. जरा तापल्यात."

"फुटत्यात का काय?"

बसवअण्णा घाईत. जाता जाता म्हणाला, "न्हाई फुटत. तुम्ही फक्त हलू नका!"

पुढच्या खेपेला त्याने बॅटऱ्या काढून नेल्या, फवारणी संपली, टेम्पो भरला. उन्हं कलली तरी अज्जा तसेच पडून. सून चहा घेऊन आली तर ओठसुद्धा न हलवता म्हणाले, "त्या पोराला इचार, आता हलू का?"

बसवअण्णा हे सांगताना हसून हसून वाकला. मला हसू आलं नाही. अज्जांनी एक दुपार काढली होती. मी रोज तेच करत होते.

*

बिघडलेल्या बॅटरीला गोडसर वास येतो, नेलपॉलिशसारखा, हेही महेशनेच सांगितलेलं. एका सकाळी खोलीत तो वास आला. मी ओरडले नाही, मला ओरडता येत नाही. पण पीठ मळणाऱ्या आत्याबाईंना पिठाच्या हातासकट अंगणात ओढलं, शेजारच्या काकूंना हाक दिली, गोठ्यातली म्हैस सोडली. महेश वाळूची बादली घेऊन आत शिरला.

बऱ्याच वेळाने बाहेर आला. हातात छोटीशी बाटली. माझीच, लग्नातली. पलंगाखाली पडून सांडलेली.

काकूंनी ती हातात घेऊन उजेडात धरली, "रंग चांगला हाय की गं!"

म्हैस दुपारपर्यंत सापडली नाही.

*

एकदा खरोखरच फुगलेली एक बॅटरी घेऊन महेश बीदरला मैलूरच्या एका भंगारवाल्याकडे गेला. त्याने लांबूनच बघितली. "नक्को भाई. ये माल हमकू नक्को. कां रखे थे इसे?"

"घरमेंच. सोने के खोली में."

"शादी हुई?"

"हौ."

भंगारवाल्याने तराजू खाली ठेवला. "बीवी कू मालूम है?"

महेशने हे घरी येऊन हसत सांगितलं. मी त्या भंगारवाल्याला मनातल्या मनात भाऊ मानलं.

*

पेटी आता आमच्या खोलीत नाही. ती का हलवावी लागली, ते सांगते.

आमच्या घरी जुनं वळण. सासरे सुनेशी थेट बोलत नाहीत. अप्पांना चहा हवा असला तर मी समोर उभी असतानाही ते आत्याबाईंना म्हणतात, "चहा टाक म्हणावं तिला." मीही उत्तर आत्याबाईंनाच देते, "साखर घालायची का, विचारा." त्यांना काही सांगायचं असलं की आधी खाकरतात, मी पदर घेते, मग आत्याबाई येतात.

त्या दुपारी महेश आणि बसवअण्णा शेतावर, आत्याबाई चिटगुप्प्याच्या बाजाराला. घरात मी आणि अप्पा. मी खिडकीशी शिलाई मशीनवर, पाठ दाराकडे. मागे फॅन, त्याचा वारा पेटीवरून दाराकडे जाणारा.

दारात अप्पा खाकरले. मी डोक्यावर पदर घेतला.

पुन्हा खाकरले, जरा मोठ्याने. मी पदर आणखी पुढे ओढला आणि मान खाली घातली.

तिसऱ्यांदा तर खोकल्याची उबळच आली. मला वाटलं, काढा करून द्यावा. पण विचारायचं कुणाला? मी मशीन जोरात चालवत राहिले, त्या खडखडाटात मागचं काही कळेना.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बाजाराच्या गोंगाटातून आत्याबाई, "अगं, अप्पांचा फोन आलता आत्ता! म्हणायलेत, सुनेला बाहेर ये म्हणावं, पेटीतनं धूर निघायलाय!"

मी वळले. पेटीच्या फटीतून पांढरा धूर. धुरापलीकडे दारात, एका हातात फोन, दुसरा चौकटीला लावून, अख्खं दार अडवून अप्पा उभे. नजर वर छताकडे.

मी जन्मात पहिल्यांदा ओरडले, फोनमध्ये, "आत्याबाई, अप्पांना सांगा, आधी दारातून सरका म्हणावं!"

"थांब, सांगते," म्हणून आत्याबाईंनी फोन ठेवला.

आणि दारात अप्पांचा फोन वाजायला लागला.