रिक्षावाल्याचा गुडघा आणि माझा

अकोल्यात एका रिक्षाने माझ्या स्कूटरला धडक दिली आणि माझा आणि रिक्षावाल्याचाही गुडघा सोलला. मी तातडीने महागडी औषधं आणली; रिक्षावाल्या महान वैद्याने आपल्या जखमेवर तंबाखू दाबली. आठवड्यात त्याची जखम सुकली, माझी चिघळली. डॉक्टर म्हणाले, "जंतूंशी लढायची ताकद थोडी जनुकांवरही अवलंबून असते." म्हणजे आमच्या सुशिक्षित घराण्याचा वारसा हाच!

तो मात्र रोज माझ्या ड्रेसिंगच्या वेळी हजर. बरा झालेला गुडघा मिरवायलाच येतो, दुसरं काय! शेवटी मी विचारलंच, "काहून येता रोज?"

तो खाली बघत म्हणाला, "माह्या सख्ख्या भावाले एवढंच लागलं होतं, साहेब. एकाच मायचे आमी, पण त्याची जखम चिघळली अन् तो गेला. तुमी गोळ्या घेऊन राहिले ना?"

दुपारची गोळी राहिली होती. ती मी त्याच्यासमोरच घेतली.