देवव्रतला उभं करताना

उत्तरा सबनीस मुलुंडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सव्वीस वर्षं पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवत होती. कुठलंही गणित सोडवायला घेण्याआधी ती मुलांना विचारायची, याचं वजन नेमकं कुठून खाली जातंय? मुलं मागून तिची नक्कल करतात, हे तिला ठाऊक होतं.

मार्चमध्ये तिच्या नवऱ्याला, देवव्रतला, अर्धांगाचा झटका आला. बोलणं महिन्याभरात सुधारलं, पण डाव्या अंगात जोर येईना. सहा फुटी माणूस, खुर्चीत बसला की बसलाच. त्याला सांभाळायला कुंदाताई यायच्या, दणकट बाई, त्याच उठवायच्या. जुलैतल्या एका रविवारी त्या पुतणीच्या साखरपुड्याला गेल्या आणि घरात ही दोघंच राहिली.

दुपारी देवव्रतला बाथरूमला जायचं होतं. बराच वेळ त्याने ते सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा उत्तराने त्याचे हात धरून ओढलं. तो वीतभर उठला आणि धपकन मागे बसला. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी तिच्या कमरेत चमक भरली. शेजारच्या सुशांतला बोलावते म्हणाली, तर देवव्रतने मान फिरवली.

"राहू दे गं," तो म्हणाला. "मी असाच बसतो."

त्याचे डोळे भरून आले होते. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, आणि तिथून तिला त्याचे पाय दिसले. लांब पुढे पसरलेले. धड मागे रेललेलं. सगळं वजन खुर्चीवर, आणि ती ते नुसत्या हातांनी ओढत होती. वर्गात कुणी अशी आकृती काढली असती तर तिने वही परत केली असती.

तिने त्याला खुर्चीच्या कडेवर सरकवलं, पावलं गुडघ्यांच्या मागे घेतली, डाव्या गुडघ्याला आपला गुडघा टेकवला आणि त्याला पुढे वाकायला सांगितलं.

"तोंडावर पडेन मी."

"मी आहे ना पुढे. नाक माझ्या खांद्यावर ठेव. आणखी वाक. वजन पावलांवर येऊ दे रे."

तो वाकला, त्याचं बूड खुर्चीवरून सुटलं आणि तो उभा राहिला. तिला फारसा जोर लावावाच लागला नाही. चार महिन्यांनी प्रथमच तिला त्याच्याकडे मान वर करून बघावं लागलं. दोघं तसेच थोडा वेळ उभे राहिले. मग त्यानेच आठवण करून दिली, की आपल्याला बाथरूमला जायचंय.

सोमवारी तिने फळ्यावर खुर्चीतून उठणारा माणूस आणि त्याला आधार देत समोर उभी असलेली एक व्यक्ती काढली. श्रुतिका नावाच्या मुलीने विचारलं, समोरची व्यक्ती किती बल लावते?

उत्तराने त्या व्यक्तीच्या पावलांखाली खडूने एक रेघ ओढली. "अगदी थोडं," ती म्हणाली. "पण तिला तिथून हलू देऊ नका."

दिवाळीपर्यंत देवव्रत काठी टेकत सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊ लागला. डावा हात मात्र सुधारला नाही. शर्टाची बटणं उत्तराच लावते, आणि तेवढा वेळ तो मुद्दाम ताठ उभा राहतो, तिला मान वर करून बघावं लागेल असा.